अनेक खणांचा ठिपके-आलेख : खुणा व रंग यांची निवड

ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या वहीत आकड्यांची उणीव सहसा नसते. पेरणीची तारीख, बियाण्याचे प्रमाण, दिलेले खत, पाण्याच्या पाळ्या, कापणीच्या वेळी वजन केलेले धान्य, या सर्वांची नोंद तो हंगामभर करीत असतो. परंतु अशा चाळीस-पन्नास शेतांच्या नोंदी ओळीने वाचून त्यांतून काही अर्थ काढणे अनुभवी माणसासही कठीण जाते. एक आकडा वाचीपर्यंत मागचा विसरतो. याकरिता आकडे कागदावर ठिपक्यांच्या रूपाने मांडण्याची पद्धत फार सोयीची आहे. आडव्या रेषेवर एक माप घ्यावयाचे, उभ्या रेषेवर दुसरे घ्यावयाचे आणि प्रत्येक शेतासाठी एक ठिपका द्यावयाचा. गावे, जमिनीचे प्रकार अथवा वर्षे निरनिराळी असतील तर प्रत्येकासाठी सारख्याच मापाचा एकेक खण आखून ते सर्व खण शेजारी-शेजारी मांडावयाचे. एवढे केल्यावर उरतो तो प्रश्न ठिपक्यास कोणती खूण व कोणता रंग द्यावा याचा. हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. पण पुष्कळदा आलेखाचा सारा निष्कर्ष त्यावरच अवलंबून असतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण शेतीच्याच क्षेत्रातील आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात १९३१ व १९३२ या दोन वर्षी सातूच्या दहा वाणांची चाचणी सहा प्रयोगक्षेत्रांवर घेण्यात आली. वासेका, क्रुकस्टन, मॉरिस, युनिव्हर्सिटी फार्म, डलूथ व ग्रँड रॅपिड्स ही ती सहा ठिकाणे होत. दहा वाण, सहा ठिकाणे व दोन वर्षे मिळून एकशेवीस आकडे झाले. इमर व त्यांचे सहकारी यांनी ते १९३४ साली प्रसिद्ध केले. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीवरील आपल्या १९३५ च्या ग्रंथात या चाचणीतील आकडे उदाहरणादाखल घेतले, आणि तेव्हापासून ते विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी वारंवार उपयोगात आले.

पुढे जवळजवळ साठ वर्षांनी, १९९३ साली, विल्यम क्लीव्हलंड या संख्याशास्त्रज्ञाने हेच आकडे आपल्या पुस्तकात सहा खणांच्या आलेखात मांडले. प्रत्येक ठिकाणास एक खण, खणात दहा वाणांच्या दहा ओळी, आणि प्रत्येक ओळीवर दोन ठिपके. त्याने १९३१ सालास एक खूण व १९३२ सालास दुसरी खूण दिली होती. पाच खणांत १९३१ ची खूण बहुतेक सर्वत्र उजवीकडे, म्हणजे अधिक उताऱ्याकडे होती. मॉरिसच्या खणात मात्र हा क्रम अगदी उलटा झाला होता. तेथे दहाही वाणांचा उतारा १९३२ सालीच अधिक होता. सरासरी पाहावयाची तर वासेका येथे एकरी उतारा १९३१ साली सुमारे ५४ बुशेल होता तो १९३२ साली ४२ वर आला; क्रुकस्टन येथे ४४ चा ३१ झाला; मॉरिस येथे मात्र २९ चा ४२ झाला. सातूचा एक बुशेल म्हणजे ४८ पौंड, अर्थात सुमारे २१.८ किलो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे याची कल्पना येईल.

आकडे तेच होते. शेकडो जाणत्या डोळ्यांखालून ते गेले होते. केवळ दोन वर्षांना दोन खुणा देऊन त्या एकाच खणात शेजारी ठेवल्यामुळे जे इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही ते एका दृष्टिक्षेपात दिसले. मॉरिसच्या नोंदीत दोन वर्षांच्या मथळ्यांची अदलाबदल झाली असावी, असा तर्क क्लीव्हलंडने मांडला आणि तो पुष्कळांनी मान्य केला.

पण गोष्ट तेथे संपली नाही. केव्हिन राइट यांनी त्याच प्रयोगक्षेत्रांच्या अधिक वर्षांच्या व अधिक वाणांच्या नोंदी आणि हवामानाचे आकडे मिळवून २०१३ साली हा प्रश्न पुन्हा तपासला. एखाद्या ठिकाणी वर्षांचा क्रम इतर ठिकाणांच्या उलट जाणे हे त्या भागात अपूर्व नव्हते. स्थानिक हवामान व अवर्षण यांमुळे असा फरक पडू शकतो, आणि मॉरिसचे आकडे बरोबर असणे पूर्णपणे संभवनीय आहे, असे त्यांना आढळून आले. आपल्याकडील शेतकऱ्यास यात नवल वाटणार नाही. शिवेच्या अलीकडे पाऊस व पलीकडे कोरडे, हे तो दर हंगामात पाहतो. तेव्हा आलेखात एखादा खण अथवा ठिपका विपरीत दिसला तर तो आलेखाने विचारलेला प्रश्न समजावा. त्याचे उत्तर शेतावर जाऊन व मूळ नोंद पाहून मिळवावे. चुकीचा असेल असे म्हणून तो ठिपका खोडणे अथवा 'दुरुस्त' करणे हे काम आलेख काढणाऱ्याचे नव्हे.

आता हेच तत्त्व आपल्या शेतीस लावून पाहू. समजा, एका कार्यकर्त्याजवळ रब्बी ज्वारीच्या चाळीस शेतांची नोंद आहे. हेक्टरी किती नत्र दिले हे त्याने आडव्या रेषेवर घेतले व हेक्टरी किती क्विंटल धान्य झाले हे उभ्या रेषेवर. (नत्राचा हिशेब गोण्यांत न करता किलोत करावा. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत शेकडा ४६ प्रमाणे सुमारे २०.७ किलो नत्र असते. मिश्र खताच्या गोणीत ते निराळे असते. गोण्या मोजून आलेख काढल्यास दोन वेगळ्या वस्तू एकाच रेषेवर येतात.) सर्व ठिपके एकाच काळ्या शाईने दिले असता ते डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे चढत गेलेले दिसतील. पाहणारा लगेच म्हणेल, जितके नत्र अधिक तितकी ज्वारी अधिक.

त्याच चाळीस ठिपक्यांपैकी जिरायत शेतांना पोकळ वर्तुळ व ओलिताच्या शेतांना भरीव त्रिकोण देऊन आलेख पुन्हा काढावा. असे दिसणे शक्य आहे की पोकळ वर्तुळे सर्व खाली डावीकडे, भरीव त्रिकोण सर्व वर उजवीकडे, आणि प्रत्येक घोळक्यात स्वतंत्रपणे पाहिले तर चढ जवळजवळ नाहीच. ज्यांच्याजवळ विहिरीचे पाणी होते त्यांनी खतही अधिक टाकले. उतारा वाढला त्यात मोठा वाटा पाण्याचा होता. पहिल्या आलेखावर विसंबून एखाद्या जिरायत शेतकऱ्याने उधारीवर आणखी दोन गोण्या आणल्या तर त्याच्या शेतात ओल नसल्याने ते पैसे मातीत जातील. चित्र दोन्ही वेळा खरेच होते; पहिल्यात फक्त एक खूण कमी होती.

जमीन हलकी, मध्यम व भारी अशी असेल तर याच आलेखाचे तीन खण करावेत. येथे एक निर्णय करावा लागतो : कोणती गोष्ट खणांनी दाखवावयाची व कोणती खुणांनी? आमच्या मते नियम सोपा आहे. ज्या दोन गोष्टींची तुलना सर्वांत महत्त्वाची, त्या एकाच खणात आणून त्यांना निरनिराळ्या खुणा द्याव्यात; आणि ती तुलना ज्या ज्या परिस्थितीत पाहावयाची त्या परिस्थितीचे खण करावेत. मिनेसोटाच्या उदाहरणात वर्षांची तुलना करावयाची होती म्हणून वर्षांना खुणा दिल्या व ठिकाणांचे खण केले. त्याऐवजी प्रत्येक वर्षाचा वेगळा खण केला असता तर वाचकाची नजर एका खणातून दुसऱ्यात धावत राहिली असती व मॉरिसचा उलटा क्रम कदाचित पुन्हा निसटला असता. सर्व खणांची मापे मात्र सारखीच असली पाहिजेत. भारी जमिनीच्या खणात उभी रेषा ३० क्विंटलपर्यंत व हलक्या जमिनीच्या खणात १० पर्यंत नेली तर दोन्ही खणांतील ठिपके सारख्याच उंचीवर दिसतील आणि पाहणारा फसेल. खणांचा क्रमही वर्णानुक्रमे न ठेवता सरासरी उताऱ्याप्रमाणे लावला तर चित्र अधिक बोलके होते.

खुणांविषयी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगावयाच्या आहेत. पोकळ वर्तुळ ही सर्वांत गुणी खूण होय. दोन-तीन पोकळ वर्तुळे एकमेकांवर आली तरी त्यांच्या कडा वेगळ्या ओळखू येतात. भरीव ठिपके एकमेकांवर आले की त्यांचा एकच डाग होतो आणि तीन शेतांचे एक शेत होऊन बसते. पोकळ वर्तुळाबरोबर अधिकचे चिन्ह अथवा भरीव त्रिकोण चांगला उठून दिसतो. उलट वर्तुळ आणि षट्कोन, किंवा चौकोन आणि तिरपा चौकोन, या जोड्या लहान आकारात एकसारख्याच दिसतात. एका आलेखात चारांहून अधिक खुणा सहसा घेऊ नयेत. दहा वाणांना दहा खुणा देणे कागदावर शक्य असते, परंतु वाचकास दर ठिपक्यागणिक सूचीकडे पाहावे लागते व तो कंटाळून कागद बाजूस ठेवतो. वाण अधिक असतील तर त्यांचेच खण करावेत. सर्व खुणांचा आकार सारखा ठेवावा. प्रात्यक्षिकाच्या शेतास मोठी तांबडी खूण व इतरांस बारीक करडी खूण देण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्याने आलेख प्रात्यक्षिकाची जाहिरात होतो, आणि गावकऱ्यांच्या ते ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

रंगाचे बळ खुणेपेक्षा अधिक आहे, कारण घोळक्यातून रंग चटकन वेगळा निघतो. परंतु त्याचे दोष दोन आहेत. पहिला असा की कार्यालयातील झेरॉक्स यंत्रातून निघालेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत तांबडा व हिरवा हे दोन्ही सारखेच करडे दिसतात. दुसरा असा की पुरुषांपैकी काहींना जन्मतःच तांबडा व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. स्त्रियांत हा दोष फारच विरळ आहे. ज्यांना तो असतो त्यांपैकी पुष्कळांना तो ठाऊकही नसतो. म्हणून तांबडा-हिरवा ही जोडी, आपल्याला शेतीत कितीही स्वाभाविक वाटली तरी, टाळावी व निळा-नारिंगी ही जोडी घ्यावी. पांढऱ्या कागदावर पिवळा दिसत नाही. जपानचे मासाताका ओकाबे व केई इतो यांनी रंगांधळ्यांनाही ओळखू येतील असे आठ रंग निवडून दिले आहेत. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी व तांबूस जांभळा हे ते रंग होत. शहाणपणाची गोष्ट ही की जो भेद दाखवावयाचा तो रंग व खूण या दोन्हींनी एकाच वेळी दाखवावा. मग रंग गेला तरी खूण राहते.

जिरायत व ओलित यांत लहान-मोठे असे काही नाही. तेथे दोन अगदी भिन्न रंग घ्यावेत. पण पाण्याच्या पाळ्या शून्य, एक, दोन, तीन अशा चढत्या असतील तर एकाच रंगाच्या फिकटापासून गडदापर्यंतच्या छटा घ्याव्यात. तेथे चार भिन्न रंग दिले तर चढता क्रम वाचकास डोक्यात जुळवावा लागतो. छटांतील फरकावरून नेमका आकडा मात्र कोणासही वाचता येत नाही. ठिपक्याची रेषेवरील जागा डोळा सर्वांत अचूक ओळखतो व रंगाची छटा फारच ढोबळ ओळखतो, हे क्लीव्हलंड व मॅकगिल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले आहे. म्हणून मुख्य मापे नेहमी आडव्या-उभ्या रेषांवरच ठेवावीत.

आता सर्वांत अधिक घात करणारी चूक पाहू. ती अशी की एका खणात जी खूण जिरायतीस दिली तीच दुसऱ्या खणात ओलितास जाते. हाताने आलेख काढताना हे घडते ते एखाद्या खणात एक गट नसल्यामुळे. हलक्या जमिनीच्या खणात ओलिताचे शेत एकही नाही. भारी जमिनीच्या खणात जिरायत शेत नाही. काढणारा प्रत्येक खणात 'पहिला गट म्हणजे निळा' असे धरून चालतो आणि दोन्ही खणांत निळाच रंग भरतो. उपाय एकच : आलेख काढण्यापूर्वीच खुणांची सूची कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवावी व प्रत्येक ठिपका देताना ती पाहावी. गट खणात असो वा नसो, त्याची खूण राखीव राहिली पाहिजे.

संगणकावर ही चूक अधिक सहज घडते, कारण तेथे ती दिसत नाही. आलेखासाठी 'आर' ही संगणक-भाषा विनामूल्य मिळते व कृषी विद्यापीठांतून तिचा वापर होतो. तिच्यात अनेक खणांचे आलेख काढण्यासाठी 'लॅटिस' नावाचा संच आहे. तो दीपायन सरकार या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने सिद्ध केला असून त्यावरील त्यांचे पुस्तक २००८ साली निघाले. या पद्धतीचे मूळ इंग्रजी नाव 'ट्रेलिस', म्हणजे वेल चढविण्याची ताटी. आपल्या द्राक्षबागाइतदारांना ते नाव परके वाटू नये. या संचास चाळीस शेतांसाठी चाळीस रंगांची एक यादी दिली तर तो प्रत्येक खणासाठी ती यादी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. दुसऱ्या खणातील पहिले शेत वहीत पंधरावे असेल तरी त्यास पहिल्या शेताचा रंग मिळतो. चित्र सुबक निघते व पूर्णपणे खोटे असते. म्हणून रंगांची यादी शेतागणिक न देता 'ग्रुप्स' या शब्दाने गटाचा रकाना सांगावा. मग गटाची खूण सर्व खणांत एकच राहते. शेतागणिकच रंग द्यावयाचे असतील तर 'सबस्क्रिप्ट्स' म्हणजे त्या खणात आलेल्या शेतांचे वहीतील क्रमांक घेऊन तेवढेच रंग यादीतून उचलण्यास सांगावे लागते.

दुसरी अडचण सूचीची. लॅटिसमध्ये रंग व खूण थेट आज्ञेत बदलली तर ठिपके बदलतात, पण आपोआप येणारी सूची जुन्याच खुणा दाखवीत राहते. ठिपके नारिंगी आणि सूची निळी, असा कागद गावात गेला तर त्याचा अर्थ कोणी कसा लावावा? रंग व खुणा 'पार सेटिंग्ज' या ठिकाणी ठरविल्या म्हणजे ठिपके व सूची दोन्ही तेथूनच आपले रूप घेतात. 'जीजीप्लॉट' या दुसऱ्या प्रचलित संचात रंगांची यादी गटाच्या नावासह द्यावी : जिरायतीस नारिंगी, ओलितास निळा. नुसते रंग ओळीने दिले तर ते गटांच्या वर्णक्रमाने वाटले जातात. याच संचात आपण काही न सांगता खुणा सहाच मिळतात. सातवा गट असेल तर त्याचे ठिपके काढलेच जात नाहीत; संगणक तशी सूचना देतो खरी, पण ती वाचण्याची सवय थोड्यांनाच असते. सात गावांपैकी एक गाव आलेखातून नाहीसे होते, आणि त्या गावचे शेतकरी सभेत विचारतात तेव्हा कळते. साध्या हिशेब-तक्त्याच्या संगणक-संचात काम करणाऱ्यांनी प्रत्येक गटाची वेगळी मालिका करावी व एका खणातील खुणा ठरवून झाल्यावर तोच आलेख नक्कल करून पुढील खणांत आकडे बदलावेत. नवा आलेख प्रत्येक वेळी पहिल्यापासून काढू नये.

संगणक नसला तरी काही अडत नाही. आलेख-कागद, पट्टी व दोन रंगांच्या पेन्सिली पुरेशा आहेत. चावडीवर अथवा सभेत दाखविण्यासाठी पुठ्ठ्यावर खण आखून ठिपक्यांच्या जागी कपाळास लावावयाच्या टिकल्या चिकटविल्या तर दूर बसलेल्यांनाही दिसतात; त्या निरनिराळ्या आकारांत व रंगांत बाजारात मिळतातच. प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या शेताची टिकली स्वतः लावू द्यावी. वहीतील आकडा चुकला असेल तर तो बहुधा याच वेळी बाहेर पडतो, कारण आपली ज्वारी किती झाली हे ज्याचे त्यास ठाऊक असते.

ज्या शेतात पीक पूर्ण बुडाले त्याचा ठिपका शून्यावर द्यावा व त्यास त्याच्या गटाचीच खूण द्यावी. तो गाळू नये. ज्या शेताचे वजनच झाले नाही त्याचा ठिपका देता येत नाही. अशी शेते किती होती ते प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात आकड्याने लिहावे.